अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर : फोंड्यातील एका बालविकास केंद्राविषयी अभिप्राय

अपस्मारामुळे, म्हणजे वारंवार झटके येण्याच्या आजारामुळे, आमच्या मुलीच्या मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबवर (कानाजवळच्या भागावर) तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत शस्त्रक्रिया झाली. पुढे तिच्या शाळेची, स्मरणशक्तीची आणि वागणुकीची घडी बसावी म्हणून आम्ही फोंड्यातील एका खासगी बालविकास केंद्रात जाऊ लागलो. तेथील कारभाराविषयी काही तक्रारी असल्यामुळे केंद्राचे नाव येथे देत नाही.

योग्य निवडलेली दोन औषधे देऊनही झटके थांबत नसतील, तर अपस्मार औषधांना दाद देत नाही असे मानतात, आणि अशांपैकी निवडक मुलांना शस्त्रक्रिया सुचवली जाते. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती, तर केवळ औषधे घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होते. जीवनमानाचे, म्हणजे रोजचे जगणे कितपत सुकर आहे याचे, गुणही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारले. मात्र त्यातील सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले, हेही विसरता येत नाही. झटके थांबले की सारे मार्गी लागले, असे आपले नातेवाईक धरून चालतात. केंद्रातील मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा समज पहिल्याच भेटीत खोडून काढला.

त्यांनी जीवनमानाची प्रश्नावली आम्हाला आणि मुलीला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरायला दिली. मैत्रिणींविषयीच्या प्रश्नापुढे आम्ही बिनदिक्कत ‘उत्तम’वर खूण केली होती. मुलीने मात्र सांगितले होते की मे महिन्यात वर्गातल्या मुली व्हाळावर पोहायला जातात तेव्हा तिला विचारतसुद्धा नाहीत, कारण आई सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय न्हाणीघरात असताना आई दाराशी उभी राहते, याचीही तिला लाज वाटते. त्यावर बाईंनी धीराचा उपदेश न करता उपाय सांगितले : न्हाणीघराला आतून कडी न लावता बाहेर पाटी अडकवावी, आणि डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पोहताना चांगले पोहणारे जाणते माणूस हाताच्या अंतरावर असावे. डाव्या बाजूच्या अशा शस्त्रक्रियेनंतर ऐकलेले शब्द लक्षात ठेवणे जड जाऊ शकते, हे ध्यानात घेऊन शिक्षकांनी गृहपाठ तोंडी न सांगता लिहून द्यावा, अशी शिफारसही त्यांनी केली. औषधे कमी करण्याचा निर्णय त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवरच सोडला, हे मला फार योग्य वाटले.

उणिवाही लहान नाहीत. प्रश्नावली केवळ इंग्रजीत छापलेली आहे, त्यामुळे मराठी माध्यमातील मुलीला प्रत्येक प्रश्न समजावायला कोणीतरी शेजारी बसते आणि वेगळ्या खोलीचा अर्धा उपयोग तेथेच संपतो. शाळेसाठीचे पत्र वारंवार मागूनही सहामाही परीक्षा उलटल्यावर हाती आले. शुल्काच्या एकत्रित योजनेत फिजिओथेरपीही घातलेली असते. मेंदूचा एक गोलार्ध (अर्धा भाग) दुसऱ्यापासून विलग करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाजूचे हातपाय दुबळे होतात, त्या मुलांना ती हवीच, परंतु आमच्या मुलीला तिची काहीच गरज नव्हती. हुज्जत घातल्यावर ती रक्कम वजा झाली.

ज्यांना मुख्यतः अभ्यास, मैत्री आणि स्वभावातील बदलांविषयी मदत हवी आहे, त्यांनी अशा केंद्रात जरूर जावे. शाळेचे पत्र पहिल्याच भेटीत लेखी मागावे, आणि शनिवारी दुपारनंतरची वेळ घ्यावी, म्हणजे शाळा बुडत नाही.