कोळंबीच्या नाकावरचं बिऱ्हाड आणि खिशातला मायक्रोस्कोप

आधी कबुली देतो. हा मायक्रोस्कोप मी चिडून घेतला. टाकीतल्या कोळंब्यांच्या नाकावर पांढरी लव दिसायला लागली, ती बुरशीच असणार असं धरून मी दोन दिवस औषध ओतलं. लव होती तिथेच राहिली, गोगलगायी मात्र मेल्या. यापुढे आधी बघायचं आणि मगच काही ओतायचं असं ठरवून हे खेळणं मागवलं.

खेळणंच आहे ते. मुठीत मावणारी काळी प्लॅस्टिकची नळी, वर डोळा लावायची जागा, तळाशी इवलासा एलईडी आणि बाजूला फोकसचं चाक. डब्यावर ६० ते १२० पट असं छापलंय. १२० ला कडा इतक्या धुरकट होतात की मी ८० च्या पुढे जातच नाही. चाक सैल आहे. नेमकं काहीतरी दिसायला लागतं, हात जरासा हलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पण खरी खोट आहे दिव्यात. उजेड वरून पडतो. कापडाची वीण, नोटेवरची बारीक छपाई, मुंगीचं डोकं यांना तो चालतो. पारदर्शक जीव त्या उजेडात पार नाहीसे होतात. पहिल्या संध्याकाळी मला फक्त थेंबाची चकाकी दिसली आणि मी डबा परत पाठवायला काढला होता. मग सहज म्हणून एलईडी बंद केला, स्लाइडखाली काळा कागद सरकवला आणि टॉर्च बाजूने आडवा धरला.

काळ्यावर काचेच्या घंटाच घंटा! कोळंबीने टाकलेल्या कातीचा नाकाकडचा तुकडा कात्रीने कापून ठेवला होता, त्याच्या काठावर त्या दाटीने उभ्या होत्या. प्रत्येकीला लांब देठ, तोंडाशी थरथरणारी झालर. टेबलावर टिचकी मारली तर देठ स्प्रिंगसारखे गुंडाळून सगळ्या खाली बसल्या, आणि मग एकेक करून सावकाश वर आल्या. व्हॉर्टिसेला. पेशी एकच, पण टिचकीला घाबरते.

बुरशी नव्हे, परजीवीही नव्हे. ही मंडळी कोळंबीचं रक्त पीत नाहीत. झालरीने भोवरा करून पाण्यातले जीवाणू ओढून घेतात. कोळंबी म्हणजे त्यांना फिरती जागा. जीवाणू फार तर व्हॉर्टिसेला फार, आणि जीवाणू कशामुळे, तर मी मूठमूठ खाणं टाकत होतो त्यामुळे. औषधाऐवजी खाणं निम्मं केलं, पाणी बदललं, आणि पुढच्या दोन कातींबरोबर लव बरीचशी गेली.

आता या नळीच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाली नाही. कमी पटीच्या, डळमळणाऱ्या भिंगाला चिकटून राहणारे जीवच सोयीचे. पॅरामेशियमसारखा सुसाट पोहणारा एकपेशीय जीव शोधायला गेलात तर तो चौकटीतून केव्हाच पळालेला असतो. चिकटलेला जीव जागा सोडत नाही, तुम्ही चाकाशी कितीही झटापट करा. अडचण एकच, घरमालक पळतो. डॅफ्नियाच्या, म्हणजे पाण्यात टुणटुण उडणाऱ्या इवल्या कवचधारी जिवाच्या, पाठीवरचं बिऱ्हाड बघायचं असेल तर कव्हर स्लिपच्या, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या, चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा ठिपका लावा आणि हळूच दाबत जा. डॅफ्निया अडकतो, चिरडत नाही. तेवढाही उपद्व्याप नको असेल तर डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचं एक मूळ घ्या, ते कुठे जाणार?

व्हॉर्टिसेलाच्या घंटेसारख्या भाऊबंदांची ओळख पटवायलाही ८० पट पुरते, कारण इथे रूपापेक्षा वागणं बोलकं. टिचकी मारा. फांद्या फुटलेली अख्खी वसाहत एकदम आक्रसली तर झूथॅम्नियम. प्रत्येक घंटेने आपापला देठ ओढला तर कार्केसियम. घंटा नुसत्या मिटल्या आणि देठ ताठच राहिले तर एपिस्टायलिस. हायड्रावर फिरणाऱ्या ट्रायकोडिना या एकपेशीय जिवाच्या चकत्याही दिसल्या, पण त्यांच्या तळाचं दातेरी कडं या भिंगात दिसत नाही, त्याला खरा मायक्रोस्कोपच हवा.

असल्या भाडेकरूंना कमी लेखू नका. नॉर्वे लॉब्स्टरच्या तोंडाजवळच्या केसांवर चिकटून राहणारा सिम्बियॉन पँडोरा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, १९९५ मध्ये फुंच आणि क्रिस्टेन्सेन यांनी जगापुढे आणला आणि त्याच्यासाठी सायक्लिओफोरा हा प्राण्यांचा नवा संघच मांडावा लागला.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा दिव्याचा कापला, अर्धा चाकाचा. सोबतची प्लॅस्टिकची स्लाइड पहिल्याच पुसण्यात ओरखडली, काचेच्या वेगळ्या घ्या.

काल पुन्हा एक कात मिळाली, रात्रभर पडून राहिलेली. निम्मे देठ रिकामे होते. एक घंटा आखडून पिंपासारखी झाली होती, तिच्या खालच्या अंगाला झालर फुटली होती. बघता बघता देठ मागे राहिला आणि ती सुटून नव्या पाठीच्या शोधात पोहत चौकटीबाहेर गेली. मी चाक फिरवत बसलो, अर्थातच सापडली नाही.