माळरानावरच्या पक्ष्यांसाठी बीनबॅग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

५०० मिलिमीटरची लेन्स घेतली की पुढचा विचार ट्रायपॉडचा होतो. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यात पक्षी टिपायचे असतील तर आधी बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांनी भरलेली उशी, करून घ्या, ट्रायपॉडचं नंतर बघा. इथले पक्षी झाडाच्या शेंड्यावर कमी, जमिनीवर जास्त. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी हे सगळे फार तर वीत-दीड वीत उंचीचे. माणूस गाडीतून उतरून उभा राहिला की ते लांबूनच काढता पाय घेतात. गाडी मात्र त्यांना चालते. मग फोटो खिडकीतूनच घ्यावा लागतो आणि तिथे ट्रायपॉड निरुपयोगी.

ही बॅग शिवून घेतलेली आहे. दप्तरं आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडेच जावं, कारण जाड कॅनव्हास चार पदरी झाला की साध्या मशिनची सुई मोडते. पहिला नमुना खोगिरासारखा होता: दोन कप्पे आणि मधे पट्टी. तो फसला. दारावर टाकल्यावर दाणे दोन्ही बाजूंना खाली उतरायचे आणि वर, जिथे लेन्स टेकते तिथेच, नुसतं कापड उरायचं. आताच्या नमुन्यात खाली दोन पाय आहेत, प्रत्येकी २५ × १८ सेंटिमीटर, आणि वर ३० × २० ची वेगळी उशी. पाय दाराला दोन्हीकडून धरून ठेवतात आणि उशीतले दाणे उशीतच राहतात. दाणे आतल्या मांजरपाटाच्या पिशवीत आणि त्यावर कॅनव्हासची खोळ, म्हणजे खोळ काढून धुता येते. चेन उशीच्या खालच्या बाजूला असावी, वर असली तर लेन्सवर चरे पडतात.

भरताना गच्च भरू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उशी पाऊण भरा. मूठ दाबली तर ती मनगटापर्यंत रुतली पाहिजे. गच्च उशीवर लेन्स लाटण्यासारखी गडगडते, फार ढिली असली तर लेन्स थेट दाराच्या कडेवर टेकते.

आत काय भरायचं यावर आठ महिन्यांत बराच फेरफार झाला. या मापाच्या बॅगेत साधारण पावणेपाच लिटर माल मावतो. मोहरी सव्वातीन किलोच्या आसपास बसते आणि लेन्सभोवती सर्वांत छान बसते, कारण दाणा बारीक, गोल आणि वाहता. पण एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिली की तेलकट वास येतो आणि मांजरपाटावर डाग उमटतात. ज्वारी साडेतीन किलो. स्वस्त, कुठेही मिळणारी आणि आधाराला मोहरीच्या खालोखाल. पहिल्या पावसानंतर मात्र तिला सोंडे लागतात. कडक ऊन दिलं किंवा चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर कीड मरते, पण दमट हवेत पुन्हा लागते. तांदूळ पावणेचार किलोच्या घरात जातो आणि भिजला की फुगून आंबतो. वाळू स्थिर खरी, पण साडेसात किलो वजन खांद्यावर घेऊन माळावर चालवत नाही, शिवाय तिची बारीक पूड शिवणीतून झिरपते आणि झूमच्या नळीत जाते. थर्माकोलचे मणी अजिबात नकोत. ते स्प्रिंगसारखे उसळतात आणि दाबले की करकरतात. पंधरा फुटांवरच्या खाटीक पक्ष्याला उडून जायला तेवढा आवाज पुरतो.

आता आत प्लास्टिकचा दाणा आहे, साचेकाम करणारे कच्चा माल म्हणून वापरतात तो. वजन पावणेतीन किलो, कीड नाही, भिजला तरी झटकून वाळतो. एकच अट: शिवण दुहेरी हवी आणि दोरा पॉलिएस्टरचा. धान्य सांडलं तर मुंग्या, पाखरं उचलून नेतील. प्लास्टिक मेंढ्यांच्या चराऊ कुरणात तसंच पडून राहील. म्हणून निघण्याआधी शिवणीवरून बोट फिरवायची सवय ठेवा. भरतपूर किंवा कच्छला रेल्वेने जायचं असेल तर बॅग रिकामी न्यायची, तिथल्या किराणा दुकानातून धान्य घेऊन भरायची आणि परतताना ते ज्याला हवं त्याला देऊन टाकायचं.

खिडकीवर वापरताना काच पूर्ण खाली घ्या. अर्ध्या काचेवर बॅग ठेवली तर उंची सोयीची मिळते, पण लेन्स, कॅमेरा आणि वरून दाबलेला हात मिळून पाच-सहा किलोंचा भार काचेच्या यंत्रणेवर येतो. इंजिन बंद करा. इंजिनची थरथर बॅग सगळी खात नाही आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू असलं की ती फोटोत दिसते. मागच्या सीटवरच्या माणसाने कूस बदलली तरी गाडी डुलते, तेव्हा सोबत्यांना आधीच सांगून ठेवा.

एसीचं गणित बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गार गाडीची काच खाली केली की आतली थंड आणि बाहेरची गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते आणि फोकस अचूक असूनही पिसं पुसल्यासारखी येतात. पक्ष्यांच्या जागेच्या अर्धा किलोमीटर आधीच एसी बंद करून काचा उघडाव्यात. बॉनेटवरून तिरका फोटो घेतला तरी हेच होतं, बॉनेट तापलेलं असतं. आणि मार्चनंतर साडेनऊ वाजले की माळाचीच हवा थरथरू लागते. तेव्हा लेन्सला दोष न देता फक्त जवळचे पक्षी घ्यावेत.

गाडी लावण्याची दिशाही महत्त्वाची. चालवणाराच फोटो काढणार असेल तर खिडकी उजवी. सकाळी गाडीचं तोंड दक्षिणेकडे ठेवलं की उजवी खिडकी पश्चिमेला येते आणि सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी उत्तरेकडे तोंड.

लेन्स बॅगवर ठेवताना तिची कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) ढिली करून कॉलरचा पाय वर फिरवा, म्हणजे गोल नळी उशीत नीट रुतते. झूमच्या किंवा फोकसच्या कड्यावर भार येऊ देऊ नका. फोकसचं कडं दाबलं गेलं तर काही लेन्स मधेच अडखळतात. निकॉनची २००-५०० कॉलरसकट २३०० ग्रॅमची आहे आणि झूम केल्यावर पुढे लांब होते. २०० वर साधलेला तोल ५०० वर पुढे झुकतो, म्हणून ५०० वर तोल साधूनच ती ठेवावी. सोनीच्या २००-६०० ची लांबी झूमने बदलत नाही, तिथे हा प्रश्न येत नाही. डावा तळहात नळीच्या वर, लेन्सच्या मध्यावर, हलका दाबून ठेवा. एवढ्याने तिन्हीसांजेला बांधावर बसलेला पिंगळा (छोटं घुबड) ५०० मिलिमीटरवर १/१०० ने मिळतो. दहा घेतले तर निम्म्याहून अधिक धारदार असतात. हातात धरून तिथे १/५०० लागला असता आणि आयएसओ पाचपट चढला असता.

उडत्या पक्ष्यासाठी मात्र बॅग अडचणच आहे. भोवत्या (हॅरियर) किंवा कापशी घार खिडकीसमोरून गेली की लेन्स वीस-पंचवीस अंशांपर्यंत फिरते, पुढे उशी आडवी येते. तेव्हा लेन्स सरळ उचलून हातात घ्यावी, १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर लावून.

जमिनीवर पालथं पडून हीच बॅग पाय दुमडून ठेवली की लेन्स धाविकाच्या डोळ्याच्या पातळीला येते. पुढचं आणि मागचं गवत विरघळून जातं आणि पक्षी एकटा उठून दिसतो. मार्च ते जून या काळात मात्र माळटिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली तर लगेच मागे फिरा. जवळपास तिची अंडी किंवा पिल्लं असतात. पालक दूर राहिला तर उघड्या माळावरच्या उन्हात ती वाचत नाहीत.

भिगवणला होडीच्या काठावरही बॅग चालते. उजनीच्या पाण्यावर होडीची कड मुळातच सखल असल्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) आणि चित्रबलाक छान पातळीवर मिळतात. पण होडी डुलत असते, त्यामुळे बॅग वजन पेलते, हलणं थांबवत नाही. शटर १/१६०० च्या वरच ठेवा. बॅगेला पट्टा हवाच, नाहीतर ती पाण्यात जाते.

गावशिवाराच्या दृश्यांसाठी बॅग अर्धवटच उपयोगी. ज्वारीच्या ताटांमधून खालून घेतलेला फोटो किंवा मेंढरांच्या धुळीतून येणारं तिरपं ऊन तिच्यावर उत्तम येतं. पण लेन्स ठेवल्यानंतरही दाणे काही सेकंद खाली बसत राहतात. संध्याकाळच्या अर्ध्या-एक सेकंदाच्या शटरला त्यामुळे क्षितिज दुहेरी येतं. २ सेकंदांचा टायमर पुरत नाही, १० सेकंदांचा लावा. पाच फ्रेम जोडून पॅनोरमा करायचा असेल तर बॅग नको, दर वळणाला पातळी बदलते. तिथे ट्रायपॉडच.

आठ महिन्यांत झिजलं ते असं: उशीचा वरचा कॅनव्हास गुळगुळीत झाला आहे आणि लेन्स थोडी सरकते, म्हणून त्यावर जुन्या जीन्सचा तुकडा बसवला. आतल्या पायाच्या खालच्या कोपऱ्यात एक टाका उसवला होता, दाराच्या खाचेवर घासून. नवी खोळ शिवताना चारही कोपऱ्यांना कातड्याचा तुकडा लावणार आहे आणि पाय २ सेंटिमीटर लांब ठेवणार आहे, कारण जीपच्या जाड दारावर आताचे आखूड पडतात.