पुण्याचा जुना बाजार, मंगळवार पेठ : विजेचं सोडा, लोखंड घ्या

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं फिटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर गच्चीवर झाडं लावली आणि रविवारी जुन्या बाजाराची वाट धरली. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी गर्दी कमी आणि विक्रेत्याला बोलायला वेळ असतो, पण माल रविवारी जास्त. आम्ही नवरा-बायको नऊच्या आत पोचतो. दुपारी ऊन डोक्यावर येतं आणि रस्त्यावर पसरलेल्या लोखंडाला हात लावायची सोय राहत नाही.

जायला आता मेट्रो झाली आहे. दापोडीला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं, मंगळवार पेठेला उतरायचं, पुढे थोडं चालायचं. येताना मात्र मेट्रोचा भरवसा धरू नका. मी एकदा खांद्यावर पहार घेऊन स्टेशनात शिरलो, तर तपासणीवरच्या पोराने लांबूनच हात जोडले. रिक्षाला पहारीच्या किमतीहून जास्त पैसे गेले. गाडी आणायची म्हणाल तर पार्किंगच्या नावाने आनंदच आहे.

माझा पहिला नियम असा की, वायर लोंबतेय अशी वस्तू उचलायचीच नाही. हा नियम मी ४५० रुपये भरून शिकलो. मिक्सर होता. विकणाऱ्याने शेजारच्या टपरीतून वायर ओढून फिरवून दाखवला, आवाजही गोड. घरी चौथ्या मिनिटाला धूर. वायंडिंगवाल्याने ६०० सांगितले. खरं तर हातात घेतानाच ताज्या वार्निशचा वास आला होता. जुन्या मोटारीला ताजा वास कशाला येईल, हे फिटरला कळायला हवं होतं. घरात हा विषय अजून महिन्यातून एकदा निघतो.

लोखंड मात्र खोटं बोलत नाही. माझं खुरपं ६० रुपयांचं. मूठ सडलेली, पातं गंजलेलं, पण पात्याच्या मागच्या बाजूला थोडा बाक राहिला होता. तो बघितला आणि ओळखलं, हा गाडीच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा आहे, कुणा लोहाराने बनवलेला. खात्री करायला खिशात छोटी कानस ठेवतो. धारेवर हलकेच फिरवायची. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, पाणी नीट दिलंय. चावली आणि पांढरा चरा पडला तर पत्रा समजायचा, दोन वाफे खुरपून वाकेल. मूठ ४० रुपयांत नवी बसवली. नर्सरीत चकचकीत रंगवलेलं खुरपं मिळतं, त्याचं पातं दगड लागला की मान टाकतं.

पाने, पकडी, छिन्न्या, रंधे यांचे तर ढीग असतात. पान्याचा जबडा ढिला आहे का ते हलवून बघा, रिंग पान्याचे कोपरे घासलेत का ते बोटाने चाचपा. वरचा गंज रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला की सुटतो. खड्डे पडलेला गंज सुटत नाही, तिथलं लोखंडच गंजाने खाल्लेलं असतं. ढिगातली वस्तू हातात घेऊन लगेच भाव विचारू नका. आधी दुसरं काहीतरी उचला, ठेवा, मग हवी ती सहज विचारल्यासारखी विचारा. सकाळी "काका, भवानीची वेळ आहे" हे ऐकावं लागतं आणि मी त्या वेळी फार ताणत नाही. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलं, तर त्या माणसाचा दिवस खरंच कडू होतो.

बागेसाठी सगळ्यात स्वस्त माल म्हणजे गळक्या बादल्या. कुंडीला भोक लागतंच, ते इथे आयतं मिळतं. एक विक्रेता शपथेवर सांगत होता, "एक थेंब गळणार नाही." मला गळणारीच हवी म्हटल्यावर त्याने भाव दहा रुपयांनी वाढवला. निळे मोठे पिंप मात्र नीट विचारून घ्या. बरेचसे कारखान्यातून आलेले असतात, आत काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रद्दी-भंगारासाठी चालतील, पण मेथी-पालक त्यात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर आणि हेल्मेटही जुनं घेऊ नका. तिथे वाचवलेल्या पैशाला अर्थ नाही.

पितळ हा आमच्या हिचा प्रांत. पर्समध्ये फ्रिजवरचं चुंबक असतं. पातेलं उचललं की आधी चुंबक, चिकटलं की ठेवून द्यायचं, आत लोखंड आहे. मग टिचकी मारून नाद ऐकते, तोपर्यंत विकणारा गप्प. तिने ९०० रुपयांत काठ वळवलेलं एक जाड पातेलं मिळवलं, तसलं नवं घ्यायला मी खिशात हात घालणार नाही. पण कल्हईशिवाय त्यात आमटी करू नका. चिंच, कोकम, ताक, काहीही आंबट पितळेत कळकतं. कल्हईवाला आता दारावर येत नाही, आम्ही तांबट आळीकडे विचारत गेलो. भांडं तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, मग कथील फिरवून कापसाने पुसलं की आतून चांदीसारखं होतं. तो खर्च पातेल्याच्या भावात धरायचा.

माझी सगळ्यात मोठी खरेदी शिवणयंत्राचा बिडाचा पाय, ११०० रुपये. बीड घेताना सगळे सांधे नखाने खरवडून बघा. रंगाखाली वेल्डिंगची फुगवटी दिसली तर सोडून द्या, बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, पुन्हा तिथेच तडा जातो. माझ्या पायाचा फक्त पट्टा नव्हता. वर शहाबादी फरशीचा तुकडा टाकलाय, त्यावर तुळस आणि कढीपत्ता. नातवंडं खाली बसून पायटा हलवतात, तो अजून हलतो.

तक्रारी आहेत. पावतीचं नाव काढू नका, म्हणजे चोरीचा माल आहे की नाही हे तुम्हीच ओळखायचं. मोबाइल आणि बिनकागदाच्या सायकली मी बघतही नाही. पावसाळ्यात चिखल होतो, पिशवी पुढे धरावी लागते, पाकीट आतल्या खिशात. आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय मला जवळपास दिसली नाही, ही म्हणते म्हणून लिहितो. ती दीड तासात निघू या म्हणते, त्याचं कारण हेच.

सध्या एका झारीच्या मागे आहे. जस्ती पत्र्याची, जुनी, ७० रुपयांना मिळाली, तोंडाची चाळणी नाही. विकणारा म्हणाला, "पुढच्या रविवारी बघा काका, येईल." पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याला एक चाळणी मिळाली, पितळी, वीस रुपये, भोकं एकदम बारीक. घरी आणून लावली तर एक सूत मोठी. आमची ही चाळणी हातात घेऊन, टिचकी मारून म्हणाली, "चांगली आहे. आता हिच्यासाठी झारी शोधा."