वापरलेला ट्रेलर घेताय? नवेकोरे टायर बघून भुलू नका, आम्ही फसलोय

हे लिहायला उशीरच झाला, आधी इतका संताप होता की धड काही लिहवत नव्हतं. पण परवा एका ओळखीच्या माणसाने तोच प्रकार सांगितला, ट्रेलर घेतला, टायर एका बाजूने खातोय, गॅरेजवाला म्हणतो टायर बदला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय.

मी आणि माझा भाऊ फर्निचर पोचवायचं काम करतो. त्यासाठी गाडीमागे जोडायचा एक वापरलेला ट्रेलर घेतला, साधाच, एक एक्सल म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा, दोन चाकं, लीफ स्प्रिंगचे पाटे, वर उघडा हौदा. विकणारा बोलायला एकदम गोड. एक्सलला ताजा काळा रंग, हौद्याला रंग आणि टायर तर नवेकोरे, नक्षी पूर्ण खोल, वरून पॉलिश मारलेलं. आम्ही टायर बघितले आणि तिथेच विरघळलो, म्हटलं माणूस प्रामाणिक आहे, विकतानासुद्धा स्वतःच्या खर्चाने नवे टायर टाकून देतोय. जुने टायर कुठे गेले हे विचारायचं सुचलंच नाही, आणि खरं तर तोच एक प्रश्न विचारायला हवा होता.

साधारण ३,००० किलोमीटर झाले असतील. एकदा माल उतरवताना भाऊ खाली वाकला आणि ओरडला, इकडे ये लवकर. बाहेरून दोन्ही टायर झकास दिसत होते, पण आतल्या बाजूला हात घातला तर कड पार गोटा झालेली, आणि डाव्या टायरला आतून तारा बोटाला टोचत होत्या. बाहेरच्या कडेला नक्षी जवळपास तशीच होती. याच टायरवर आम्ही आठवडाभर भरलेला ट्रेलर हायवेने नेत होतो, टायर फुटला असता तर मागून येणाऱ्याचं काय झालं असतं, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही हवा कमी ठेवता आणि माल जास्त भरता. दोन दिवस आम्हालाही वाटलं की असेल बुवा आपलीच चूक. हवेचं म्हणाल तर ते सरळ खोटं होतं, हवा कमी असली की टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त असली की मधोमध झिजतो, फक्त आतून झिजण्याशी हवेचा संबंध फार थोडा. मालाच्या बोलण्यात मात्र तथ्य असू शकतं, कारण ओझं फार झालं की एक्सल मधे खाली वाकतो, चाकं वरून आत कलतात आणि आतली कड रस्त्यावर घासते. म्हणून आम्ही भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेला. वजन ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेल्या मर्यादेच्या बरंच आत होतं.

मग दुसरी फसवणूक. एका टायरच्या दुकानात गेलो, तिथल्या माणसाने खाली न वाकताच निदान केलं, अलाइनमेंट गेलीय, टायर नवे टाका, कम्प्युटर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून देतो. केलं. पावतीवर एक ओळ, अलाइनमेंट केली, बास, आधी किती होती नंतर किती झाली काही नाही. पुढच्या १,००० किलोमीटरला नवे टायर पुन्हा आतून खायला लागले. परत गेलो तर म्हणे डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे टाकू, झीज सारखी होईल. तेही करून घेतलं आणि त्याचेही पैसे दिले. घरी आल्यावर कागदावर चित्र काढलं तेव्हा लक्षात आलं की अख्खं चाक रिमसकट डावीकडून उजवीकडे नेलं तरी त्याची आतली बाजू आतच राहते! टायर रिमवरून काढून उलटा बसवला तरच कड बदलते, आणि तेव्हासुद्धा मूळ दुखणं तिथेच, फक्त दुसरी कड खायला मिळते.

शेवटी भावाच्या ओळखीचे एक रिटायर्ड फिटर काका आले. त्यांनी आधी टायरला हातसुद्धा लावला नाही, म्हणाले ट्रेलर रिकामा करा, सपाट जागी लावा, सुतळी, ओळंबा आणि टेप आणा. जॅक लावून चाक उचललं, वर आणि खाली धरून हलवून बघितलं, बेअरिंगला खेळ नव्हता. पाट्यांचे बुश, शॅकल, सेंटर बोल्ट पाहिले, सगळं ठीक. मग पुढे गाडीला जोडतात त्या कपलिंगच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावली, दोन्हीकडे सारखं माप, म्हणजे एक्सल तिरपा बसलेला नव्हता. त्यानंतर चाक खाली टेकवून त्याच्या शेजारी ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर मोजलं. वरची कड खालच्यापेक्षा ९ मिलिमीटर आत! ट्रेलर रिकामा असताना! दुसऱ्या बाजूला ८. माल भरून परत मोजलं तर दोन्हीकडे अजून वाढलं.

मग काका म्हणाले आता एक्सलखाली सुतळी ताणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली तर मधला भाग सुतळीला टेकून तिला खाली दाबत होता. त्यांनी समजावलं ते असं, की अशा सरळ एक्सलला बनवतानाच हलकी कमान ठेवलेली असते, मधला भाग किंचित वर, म्हणजे ओझं आलं की तो दबून सरळ होतो आणि टायर रस्त्यावर सपाट बसतो. आमचा एक्सल उलटा होता, कमान खाली. त्यांनी सॅण्डपेपर घेऊन एक्सलवरचा रंग एका जागी हळूच घासला, खाली कंपनीचं स्टिकर निघालं आणि त्यावरची अक्षरं डोक्यावर उभी. मी तिथेच मातीत बसून ते स्टिकर कितीतरी वेळ बघत होतो.

झालं असं होतं की आधी कुणीतरी ट्रेलरची उंची वाढवायला पाटे एक्सलच्या खालून काढून वर घेतले. त्यासाठी पाटे ज्यावर टेकतात त्या बैठका एक्सलच्या वरच्या बाजूला नव्याने वेल्ड करायला लागतात. ते कष्ट वाचवायला अख्खा एक्सलच फिरवून टाकला, जुन्या बैठका आपोआप वर आल्या आणि कमान गेली खाली. आणि अलाइनमेंटचं म्हणाल तर या एक्सलला कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, ॲडजस्ट करायचा बोल्टच नाही, अख्खा तुकडा आहे तो! मी दुकानदाराला जाऊन विचारलं की तुम्ही नक्की कुठला बोल्ट फिरवलात ते दाखवा, तेव्हा त्याने अलाइनमेंटचे पैसे परत केले, टायरचे नाही.

विकणाऱ्याच्या घरी सरळ न सांगता गेलो. तो बाहेर यायच्या आत भावाला मागच्या शेडमधे ताडपत्रीखाली दोन टायर दिसले, आमच्याच साइजचे, आणि दोन्ही आतल्या बाजूने तारेपर्यंत खाल्लेले. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. टायरची झीज म्हणजे ट्रेलरने स्वतः दिलेली साक्ष असते, ती त्याने आदल्या दिवशी काढून शेडमधे लपवली आणि वर नवे टायर चढवले. ते तरी नवे होते का, तर तेही नाही. त्याने दिलेल्यातला एक टायर आम्ही जपून ठेवला होता, तो नंतर नीट बघितला, टायरच्या बाजूला DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्यात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २६१७ असेल तर २०१७ चा २६ वा आठवडा. त्या हिशोबाने आमचे 'नवे' टायर घेतानाच सहा वर्षांच्या वर जुने होते, कुठेतरी पडून राहिलेले.

म्हणून कळकळीने सांगतो, वापरलेला ट्रेलर बघायला जाल तेव्हा टेप आणि सुतळी सोबत न्या, आणि टायर नवे असतील तर जुने दाखवा म्हणा. माणूस आढेवेढे घ्यायला लागला की समजा. झिजलेले टायर असतील तर उलट बरंच आहे, हात फिरवा आणि वाचा. दोन्ही आतून गेलेत तर एक्सल वाकलाय, उलटा आहे किंवा ओझं फार झालंय. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागतं, तर टो, म्हणजे चाकं पुढे सरळ बघतात की आत-बाहेर वळलेली ते माप, बिघडलाय किंवा एक्सल तिरपा बसलाय. मधेमधे खड्डे खड्डे असतील तर बॅलन्सिंग बघा, बेअरिंग बघा. एकाच ठिकाणी सपाट चट्टा असेल तर ब्रेक लागून चाक घसटलंय. दोन एक्सलच्या ट्रेलरला वळणावर टायर थोडे घासतातच, तिथे थोड्या झिजेने लगेच घाबरू नका, पण चारांतला एकच वेगळा झिजत असेल तर सोडू नका. आणि कुणी अलाइनमेंट म्हणालं तर आधीची आणि नंतरची मापं लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकणाऱ्याकडून आम्हाला काहीच परत मिळालं नाही, लेखी काही केलेलं नव्हतं. काकांनी एका चांगल्या वेल्डरकडून जुन्या बैठका कापून, एक्सल सरळ फिरवून, वरच्या बाजूला नव्या बैठका लावून घेतल्या आणि पक्कं वेल्ड करायच्या आधी कपलिंगपासूनची मापं तीनदा तपासली. त्यानंतर पुन्हा नवे टायर टाकले. आता ४,००० किलोमीटर झालेत, भाऊ दर महिन्याला नक्षीची खोली मोजून वहीत लिहितो, कालची नोंद, डावा टायर आत ६.८ बाहेर ६.९ मिलिमीटर, उजवा दोन्हीकडे ६.८.