कासच्या वाऱ्यात लायट्रो इलम

सप्टेंबरात कासच्या सड्यावर वारा थांबत नाही. सीतेची आसवं बारीक देठावर सारखी डोलत असतात. मॅक्रो लेन्सने फोकस पाकळीवर धरावा, तर बटण दाबेपर्यंत फूल पुढे आलेलं असतं. फोकस स्टॅकिंग करा, असं सगळे सांगतात. पण त्यात फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते एकत्र जोडायचे आणि तोवर फुलाने जागचं हलायचं नाही. साताऱ्यातल्या घराच्या कुंडीत जमेल, सड्यावर नाही. म्हणून मी सेकंड हँड लायट्रो इलम घेतला, फोटो काढून झाल्यावर फोकस बदलू देणारा कॅमेरा.

कॅमेरा २०१४ चा. सेन्सरवर सूक्ष्म भिंगांची जाळी आहे, त्यामुळे प्रकाश किती पडला एवढंच नाही, तर कोणत्या दिशेने आला हेही नोंदलं जातं. एकाच फोटोतून, लेन्सच्या निरनिराळ्या भागांतून दिसणारी किंचित वेगवेगळी दृश्यं सुटी काढता येतात. ती एकमेकांवर सरकवून मिळवली, की ज्या अंतरावरच्या गोष्टी जुळतात त्या रेखीव होतात, बाकीच्या विरघळतात. सरकवण्याचं माप बदललं की फोकस बदलला. लायट्रोचे संस्थापक रेन एन्ग यांनी २००६ मध्ये स्टॅनफर्डला पीएचडी केली ती यावरच. मुळातली कल्पना भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांची, १९०८ ची.

म्हणून सगळं काही नंतर करता येतं असं मात्र नाही. फोकस ठरावीक पट्ट्यातच हलतो, त्याबाहेरचं फूल कायमचं धूसर. पुढचं गेंदाचं फूल आणि मागची आसवं दोन्ही त्या पट्ट्यात येतील असं बघून, मूळ फोकस मी दोघांच्या मधे ठेवते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हा पट्टा रंगाने दिसतो, त्याचा फार आधार वाटतो. झूम लेन्स ३० ते २५० मिमीच्या तोडीची, त्यामुळे वाटेवरून न हलता फूल जवळ घेता येतं. फुलांत पाय टाकून काढलेला फोटो मला नकोच.

खरी किंमत मोजावी लागते ती बारकाव्यात. सेन्सर चार कोटी पिक्सेलचा, हातात येणारा फोटो सुमारे चाळीस लाखांचा. बाकीचे दिशा टिपण्यात खर्ची पडतात. पुस्तकाच्या पानाला पुरतो, पोस्टरला नाही. आणि आसवांच्या देठासारख्या बारीक रेषेजवळ सॉफ्टवेअरचा खोलीचा अंदाज चुकतो, कडेला धूसर वलय उमटतं. आमच्या वनस्पतिशास्त्रात देठ महत्त्वाचा असतो, तेव्हा ओळख पटवण्यासाठीचा फोटो मी अजूनही साध्या मॅक्रोनेच घेते. पण वर्गात स्लायडर सरकवून गेंदावरून आसवांवर फोकस नेला, की कोण कुणाच्या पुढे उगवलंय हे मुलांना लगेच कळतं. त्या एका गोष्टीसाठी मी हा कॅमेरा विकणार नाही.

लायट्रो कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. जुना घेणार असाल तर त्याच कॅमेऱ्याचा कॅलिब्रेशन डेटा, म्हणजे त्याची भिंगजाळी नेमकी कशी बसली आहे याची नोंद, मागून घ्या. प्रत्येकाची भिंगजाळी किंचित निराळी बसलेली असते आणि दुसऱ्याचा डेटा चालत नाही.