एसेमेस, आवाजी कॉल की माणसाचा फोन? परिवीक्षेवरच्या रुग्णाला भेटीची आठवण देताना

अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ३९ खाली कोर्टाने परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर, उपचारासाठी सोडलेल्या व्यसनी रुग्णाला वर्षभराच्या आत उपचाराचा अहवाल हजर करावा लागतो. भेटी बुडत गेल्या की तो अहवाल लंगडा पडतो.

एसेमेस सर्वांत स्वस्त. दवाखान्याच्या भेटींसाठी तो फोनच्या तोडीस तोड ठरतो, असे २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या) दिसले. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात घोडे अडते ते लिपीपाशी. देवनागरी किंवा कन्नड संदेशात काना-मात्रा, रिकाम्या जागा धरून ७० च अक्षरे मावतात. पुढे दोन संदेशांचे पैसे. ‘येत्या मंगळवारी सकाळी १० वाजता भेट. जमत नसेल तर फोन:’ आणि दहा आकडी नंबर, एवढे ६३ मध्ये बसते. ‘व्यसनमुक्ती’ मुद्दाम गाळलेय, कारण फोन घरात चौघांच्या हाती असतो. ‘तारीख’ही नको. केस चालू असलेल्याला तारीख म्हणजे कोर्ट. तो दवाखाना सोडून वकिलाकडे धावतो. संदेशाचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेवर, नोंदवावा लागतो, मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा. कुणाला कोणता, हे आडनावावरून ठरवू नका. घरी मराठी बोलणारा कन्नड शाळेत शिकलेला असू शकतो. पहिल्या भेटीतच विचारा.

ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याच्या बटणाच्या फोनवर देवनागरीचे चौकोन दिसतात, त्याला आवाजी कॉल, म्हणजे यंत्राने लावलेला ध्वनिमुद्रित आठवणीचा कॉल, बरा. पण अनोळखी नंबर कोण उचलतो? रुग्णासमोरच एक कॉल लावून नंबर सेव्ह करून घ्या. कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात रेंज गेली तर एसेमेस मागाहून तरी पोचतो, कॉल वाया जातो. तासाभराने परत लावायची सोय हवी.

व्हॉट्सअॅप नेटपॅक संपेपर्यंतच. ग्रुप तर काढूच नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

माणसाचा फोन महाग, म्हणून तो भेट चुकलेल्यांसाठी राखा. ऊसतोडीत अडकलेला, गोव्याला कामाला गेलेला माणूस दुसरा दिवस मागतो. तो देणे यंत्राला जमत नाही.

आमची निवड: तीन दिवस आधी एसेमेस, आदल्या संध्याकाळी ७ ला आवाजी कॉल, भेट बुडाल्यास २४ तासांत माणसाचा फोन. सकाळी ८ ला आठवण दिली तर खेड्यातली पहिली गाडी निघून गेलेली असते. सिम बदलत राहते, तेव्हा नंबर दर भेटीला पडताळा. आणि ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे संदेश फोनपर्यंत गेला, माणसाने वाचला असे नव्हे. परिवीक्षेच्या अटी मोडल्याच्या अहवालाला तो पुरावा म्हणून जोडू नका.