ट्रॉलीच्या जॅकला होज तीन सूत की चार सूत?

आमच्या रावेरकडे शेणखताची ट्रॉली उलटवायच्या जॅकला कोणी तीन सूत (३/८ इंच) होज, म्हणजे ऑइलचा पाइप, लावतं कोणी चार सूत (१/२ इंच), मी दोन्ही वापरलेत, सरळ सांगतो भाऊ चार सूतच घ्या. मिनिटाला तेवढंच ऑइल गेलं तरी चार सुतात घर्षणाने जाणारं प्रेशर तीन सुताच्या जवळपास तिसरा हिस्सा. ८० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकला १० बार प्रेशर वाटेत गेलं म्हणजे साधारण ५०० किलो जोर गेला! हां, ट्रॉली अडून थांबली की ऑइल वाहतच नाही, तेव्हा होज कोणतीही असो जोर सारखाच. थंडीत सकाळी ऑइल घट्ट असतं, तेव्हा तीन सुतावर रिकामी ट्रॉली खाली यायला बघतच बसा, कारण परतीचं ऑइलही त्याच होजमधून येतं. तीन सूत स्वस्त पडते, छोट्या जॅकला चालेल.